वारा पाठीवर

तीन विटा आठ दिवस आमच्या परसात फिरत होत्या. सकाळी त्या कंपाउंडच्या भिंतीशी असत, संध्याकाळी मागच्या दाराजवळ, दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली. जिथं मांडल्या तिथं दोन काटक्या पेटायच्या, वर चहाचं पातेलं चढायचं, आणि घरातलं कोणीतरी पाट टाकून बसायचं नि धूर कुठं जातो ते बघायचं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली होती. आईला खापर चढवायचं होतं, आणि खापराला चूल हवी.

खापर म्हणजे काय ते खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. मातीचं मोठं, घमेल्याएवढं भांडं. ते चुलीवर पालथं घालतात. आतून जाळ लागतो, वरची पाठ तापते, आणि त्या तापल्या पाठीवर मांडा टाकतात. कणीक इतकी सैल आणि चिवट मळलेली असते की पुरण भरलेला गोळा पोळपाटावर लाटायचा नसतो. तो दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा आणि कोपरापर्यंत पसरला की अलगद खापरावर सोडायचा. घरातल्या गॅसच्या शेगडीवर आमचं खापर बसतच नाही. बसवलं तरी शेगडीची ज्योत एका जागी लागते, आणि खापराला सगळ्या पोटाला चाटत जाणारा लाकडाचा जाळ लागतो.

शिवाय अखाजीला नुसत्या मांड्यांचा प्रश्न नसतो. त्या दिवशी आमच्याकडे पितरांची घागर भरतात, आणि जेवणाआधी गेलेल्यांच्या नावानं निखाऱ्यावर आगारी टाकतात. गॅसला ज्योत असते, निखारा नसतो. वडील गेल्यापासून चार वर्षं सुरतेतल्या लिंबायतच्या भाड्याच्या घरात आईनं एका पत्र्याच्या झाकणात गोवरीचा तुकडा पेटवून गॅलरीत आगारी टाकली होती. खालून जाणारे वर बघायचे. पलसाण्याला घर घेतलं तेव्हा आई एवढंच म्हणाली होती की आता मागं अंगण आहे.

पलसाणा हा सुरत जिल्ह्यातला तालुका. मुंबई-अहमदाबाद महामार्ग त्याच्या मधून जातो. एका अंगाला कापडाच्या डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्या आणि त्यांच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला क्षितिजापर्यंत ऊस. चलथाणचा साखर कारखाना याच तालुक्यातला. तापी खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेची चलथाण आणि गंगाधरा ही स्टेशनंही इथलीच, आणि त्याच रुळांवरून आमचा खानदेश सुरतेला आला. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा रात्रीच्या गाडीला बसायचा आणि सकाळी उधन्याला उतरून मागावर उभा राहायचा. माझे वडील तसेच आले. आई मात्र मागं गावातच राहिली, अमळनेर तालुक्यात, सासू-सासऱ्यांपाशी, शेतापाशी आणि त्या चुलीपाशी.

त्या चुलीबद्दल सांगितल्याशिवाय या तीन विटांचं कारण कळणार नाही.

आमचं गावचं घर धाब्याचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या आणि त्यावर मातीचं सपाट धाबं. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. स्वयंपाकाची खोली सगळ्यात शेवटी, आग्नेयेच्या कोपऱ्यात. तिला खिडकी नव्हती. धाब्याला हात जाईल एवढं एक साणं होतं, तेवढीच उजेडाला नि धुराला वाट. चूल पूर्वेच्या भिंतीला टेकवलेली, शेजारी वैल, मागं भानवस, पुढं निखारे ओढायला आहार. स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला, म्हणजे शास्त्राप्रमाणे बरोबर. पण तिच्या तोंडासमोर दीड हातावर भिंत होती. ती भिंत आणि वरच्या कड्या काजळीनं अशा चकचकीत झाल्या होत्या की दिव्याचा उजेड त्यांत दिसायचा.

आई सतराव्या वर्षी त्या भिंतीसमोर बसली आणि एकतीस वर्षं बसली. चूल तिच्या आधीपासून तिथं होती. आजेसासूनं मांडलेली, सासूनं लिंपलेली. आई रोज पहाटे तिला पोतेरं द्यायची, सणाला हळदीकुंकू वाहायची, पावसाळ्यात तडा गेला तर माती कालवून बुजवायची. तिची अशी सगळी सेवा आईच्या हातची, पण ती चूल बोटभर इकडची तिकडं करण्याचा अधिकार आईला नव्हता, आणि तो असू शकतो हे कोणाच्या मनातही आलं नसेल. पावसाळ्यात साण्यावर डबा पालथा घालावा लागे. पऱ्हाट्या ओल्या असत. मग धूर खोलीत कमरेच्या वर साचून राहायचा, पाण्यावर तेल राहावं तसा. मोठी माणसं आत आली की वाकूनच यायची आणि वाकूनच जायची. मला लहानपणी वाटायचं की चुलीला नमस्कार करत करत आत जायची ही रीतच आहे. आम्ही मुलं जमिनीवर बसायचो म्हणून आमचे डोळे वाचायचे. आईचं तोंड बरोबर त्या धुराच्या काठाशी असायचं. भाकरी थापायला वाकली की धुराच्या खाली, तव्यावर टाकायला उठली की धुराच्या आत.

तीन वर्षांपूर्वी आईचा दम फारच वाढला तेव्हा सुरतेच्या डॉक्टरांनी फुंकणीसारख्या एका नळीत तिला फुंकायला लावलं. आकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो विडी-तंबाखूचा. आई लाजली. मग त्यांनी विचारलं, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला? तिनं बोटांवर मोजून सांगितलं. डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहिला. औषधाच्या चिठ्ठीवर चुलीची वर्षं लिहिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर मी वाचत गेले, आणि वाचताना वाईट वाटत गेलं, कारण हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच कर्क स्मिथ नावाचा अमेरिकन संशोधक गुजरातेतल्याच खेड्यांत आला होता. इथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यानं स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी यंत्रं लावली आणि त्या किती धूर श्वासात घेतात ते मोजलं. शहरातल्या धुराची चर्चा जगभर चालू होती. घरातला धूर मोजावा असं तोवर फार थोड्यांना सुचलं होतं. पुढं 2009 साली आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की कधीही विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही श्वासनळ्या आवळून टाकणारा हा आजार होतो, आणि त्याच्या कारणांत चुलीचा धूर फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात घरातल्या धुरानं 2020 या एका वर्षात जगभरात 32 लाख माणसं गेली. चुलीला चिमणी लावा हे सांगणारे प्रयोगही जुने आहेत. 1983च्या सुमारास सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो जवळजवळ वीस वर्षं चालला. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि गॅसच्या टाक्या खेड्यापाड्यांत गेल्या. आमच्या गावच्या त्या खोलीत मात्र यातलं काही वेळेवर पोचलं नाही. गॅस आला तेव्हा आई सुरतेला आली होती.

म्हणून पलसाण्याच्या घरात चूल हवी म्हटल्यावर माझा पहिला शब्द 'नको' हाच होता. आईनं वाद घातला नाही. तिनं खापर काढलं. गावाहून येताना गोधडीत गुंडाळून, पॅसेंजरच्या गर्दीत मांडीवर धरून आणलेलं. तिनं ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि परत गोधडीत ठेवून दिलं. त्या रात्री मी ठरवलं की वर्षातून चार-पाच दिवस चूल पेटेल, पण कुठं, हे नीट बघून ठरवायचं.

घरातले सगळे जण त्या 'कुठं'वर बोलू लागले. माझे यजमान एका प्रिंटिंग मिलमध्ये बॉयलर अटेंडंट आहेत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट घेतलेले. ते म्हणाले, मिलमध्ये बॉयलर बसवायचा तर 1923च्या कायद्यापासून त्याची नोंदणी आहे, दर वर्षाची तपासणी आहे, इन्स्पेक्टरच्या सहीशिवाय जाळ करता येत नाही. सोळा माणसं बॉयलरजवळ काम करतात म्हणून एवढा बंदोबस्त. घरातल्या चुलीपाशी एकच बाई बसते, तिच्यासाठी कुणी येत नाही. हे बोलताना त्यांचा आवाज चढला होता. त्यांच्या आईचंही बरंच आयुष्य असंच चुलीपुढं गेलं आहे.

त्यांनी आम्हाला धुराचं गणित समजावून दिलं. तापलेली हवा हलकी, म्हणून धूर वर जातो. पण त्याला वर जायला उंच आणि उबदार वाट लागते. ती मिळाली की तो मागून ताजी हवा स्वतःच ओढून घेतो, आणि जाळ आपोआप बरा लागतो. ही ओढ तुटली की धूर जिथून पेटला तिथूनच परत फिरतो. चिमणी छपराहून बुटकी असली तर छपरावरून वळणारा वारा तिच्यात उलटा शिरतो. आणि ज्याला वास नाही, रंग नाही असा कार्बन मोनॉक्साइड अर्धवट जळालेल्या लाकडातून आणि कोळशातून निघतो. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती त्यानं. म्हणजे घराच्या आतली जागा पहिल्यांदा बाद झाली.

योगायोग असा की त्याच दिवसांत कॅनडात कॅल्गरीला असलेल्या माझ्या भावाच्या घरीही हाच प्रश्न निघाला होता. तिकडं हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. बहुतेक घरांच्या तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस असते, ती हवा तापवून पत्र्याच्या नळ्यांतून घरभर सोडते. त्याला तळघरात मोठी बैठक करायची होती आणि फर्नेस बरोबर मधोमध उभी होती. जुन्या फर्नेसचा धूर छपराबाहेर जाणाऱ्या चिमणीतून जातो, त्यामुळे ती चिमणीला बांधलेली असते. नव्या फर्नेसमध्ये धुरातली उष्णता इतकी काढून घेतात की उरलेला वायू प्लॅस्टिकच्या नळीतून भिंतीबाहेर सोडता येतो, म्हणून ती हलवता येते. भाऊ व्हिडिओवर आईला कोपरे दाखवत होता. इथं ठेवली तर नळ्या लांब पडतात, तिथं ठेवली तर दुरुस्तीला माणूस शिरत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिनाजोडे कोन झोपस?" तिच्याजवळ कोण झोपतं? भाऊ गप्प झाला. ज्या कोपऱ्यावर त्याचं मन बसलं होतं त्याच्या पलीकडच्या खोलीत माझा भाचा झोपतो. फर्नेस शेवटी जिन्याखाली गेली, आणि भाच्याच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइड कळला की वाजणारी घंटा बसली.

आईच्या त्या एका प्रश्नानं मलाही जागं केलं. आम्ही भिंती मोजत होतो, दिशा बघत होतो. माणसं मोजत नव्हतो.

परसाची आग्नेय दिशा सगळ्यांना पसंत होती. वास्तुशास्त्रात ती अग्नीची, आणि आईला तर तीच ओळखीची. पण त्या कोपऱ्याच्या पलीकडं सहा फुटांची गल्ली आणि गल्लीपलीकडं शेजारच्या बांचं घर. बा म्हणजे इथल्या जुन्या खेडूत घरातल्या आजी. आम्ही घर घेतलं तो श्रावण होता. रांधण छठच्या दिवशी बांनी दिवसभर रांधून ठेवलं, रात्री गॅसची शेगडी आणि मागची जुनी चूल दोन्ही पुसून, गार करून त्यांची पूजा केली, आणि दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमेला, घरात जाळ केला नाही. त्या रात्री शीतळामा चुलीत येऊन लोळते आणि चूल गरम असेल तर भाजते, असं इथं मानतात. सातमेला बांनी आम्हाला गार ढेबरं आणून दिली. आई त्यांच्या त्या पुसून ठेवलेल्या चुलीकडं खूप वेळ बघत बसली होती. चुलीला वर्षातून एक दिवस सुट्टी देणारा सण तिनं पहिल्यांदा पाहिला. आता त्या बांच्या नातसुनेची खोली नेमकी आमच्या आग्नेय कोपऱ्यासमोर, आणि तिचं बाळ दीड महिन्याचं. तिसऱ्या दिवशी विटा तिथं मांडल्या, काटक्या पेटवल्या, आणि धूर गल्ली ओलांडून सरळ त्या खिडकीत गेला. बांनी काही म्हटलं नाही, नुसती खिडकी लावून घेतली. मी त्याच मिनिटाला जाळावर पाणी टाकलं. दिशा कितीही शुभ असो, दुसऱ्याच्या बाळाच्या नाकात धूर सोडून मला माझ्या पितरांना जेवू घालायचं नव्हतं.

दक्षिणेकडचा कोपरा ऊसवाल्यांमुळं गेला. भिंतीपलीकडं उसाचं शेत. तोड झाल्यावर खाली पाचट पडलेलं असतं, चैत्र-वैशाखात ते असं वाळतं की पायाखाली चुरचुरतं. एका ठिणगीनं किती एकर जाईल याचा नेम नाही. हे पाचट नुसतं जाळून टाकायचं नसतं, हेही इथं सांगून ठेवते. पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांच्या 'आरती' संस्थेनं त्याचा कोळसा करण्याची रीत काढली आणि तिला 2002 साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आमच्या तालुक्यात ती रीत घरोघर आली तर किती धूर आणि किती सरपण वाचेल!

पण खरी वाट दाखवली ती त्याच शेतातल्या पडावानं.

ऊसतोडीला इकडं दरवर्षी डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून कोयतावाले येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवाळीनंतर येतात, उन्हाळ्यापर्यंत राहतात. बांबू आणि प्लॅस्टिकची खोपटी, पुढं तीन दगडांची चूल. हिवाळ्यात मी कामाला निघायच्या आधी गच्चीवर जायचे तेव्हा अंधारात त्या चुली पेटलेल्या दिसायच्या. पहाटे तीन-चारला भाकरी उरकून बायका उसात शिरतात. शेत संपलं की पडाव हलतो आणि चूलही हलते. एका हंगामात एक बाई कितीदा नवी चूल मांडत असेल! चूल कुठं मांडावी हे ज्यांना रोजच्या रोज कळावं लागतं अशी माणसं माझ्या भिंतीपलीकडं होती, आणि मी पंचांग बघत होते.

पाचव्या दिवशी आई आणि मी भिंतीपलीकडं गेलो. पडावातली एक बाई साक्री तालुक्यातली निघाली, अहिराणी बोलणारी. बोलायला गाव मिळाल्यासारखं आईचं तोंड उजळलं. आईनं विचारलं, तुम्ही चुलीचं तोंड कसं ठरवता? बाईनं आहारातली चिमूटभर राख उचलून बोटांतून सोडली. राख पूर्वेकडं गेली. "वारा पाठवर ले, माय. तोंडवर लिधा म्हणजे डोया जातस." वारा पाठीवर घ्यायचा, तोंडावर घेतला की डोळे जातात. म्हणजे चुलीचं तोंड वाऱ्याकडं, आणि आपण चुलीच्या तोंडाशी, वाऱ्याकडं पाठ करून. वारा आपल्या पाठीवरून येतो, जाळाला लागतो आणि धूर घेऊन पुढं निघून जातो. वारा जास्त असला तर पाठीमागं गोणपाट किंवा पाचटाची पेंढी उभी करायची. डिसेंबरात सकाळचा वारा उत्तरेकडून-ईशान्येकडून येतो तेव्हा चूल फिरवायची. फाल्गुनापासून तो समुद्राकडचा होतो, मग पश्चिमेला पाठ.

हे ऐकताना मला गावची खोली आठवली. तिथं वाराच नव्हता, म्हणून तो पाठीवर घ्यायचा की तोंडावर हा प्रश्नच आईला कधी पडला नाही.

घरी आल्यावर मी विटा आईच्या हातात दिल्या आणि म्हटलं, तू सांग कुठं मांडायची. ती म्हणाली, "माले काय इचारतस? तुमले जठे वाटी तठे मांडा." तुम्हाला वाटेल तिथं मांडा. मी पुन्हा विचारलं. तिला खरंच सांगता येईना. भाकरीला मीठ किती, पुरणाला गूळ किती, हे झोपेत सांगणारी बाई, आणि स्वतः बसायची जागा कुठं हवी या प्रश्नापुढं अडली. तिच्या सासरी, माहेरी, लिंबायतला, कुणीही हा प्रश्न तिला विचारला नव्हता. मीही एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारत होते. तिची अडचण बघून मला फार अपराधी वाटलं.

मी विटा खाली ठेवल्या आणि पाट तिच्या हातात दिला. म्हटलं, चूल राहू दे, तू आधी कुठं बसशील ते बघ.

ती पाट घेऊन परसात फिरली. भिंतीशी बसली, उठली. लिंबाखाली बसली, तिथं थोडी रेंगाळली. मग मागच्या दाराच्या डाव्या अंगाला, पश्चिमेच्या भिंतीपासून तीनेक हातांवर तिनं पाट टाकला आणि बसली ती बसूनच राहिली. तिथून घरातलं सगळं दिसतं. पुढच्या फाटकातून कोण येतं तेही आरपार दिसतं. समोर सगळं परस मोकळं, त्यापलीकडं बांचा शेवगा. "आठेन मानूस दिखस," ती म्हणाली. इथून माणूस दिसतो.

तिचं तोंड पूर्वेला होतं, समोर भिंत नव्हती, आणि उन्हाळ्यातला वारा पाठीवर होता.

चूल मग यजमानांनी आणि आईनं मिळून घातली. इथली माती काळी, आमच्यासारखीच. ओली झाली की फुगते, वाळली की तडकते. आईनं तिच्यात भाताचा तूस, शेण आणि चाळलेली राख घालून दोन दिवस मुरवली आणि पायांनी तुडवली. तिचे गुडघे आता मुडपत नाहीत म्हणून विटांचा गुडघाभर उंच ओटा केला आणि चूल त्यावर बसवली, समोर स्टूल. यजमानांनी मागच्या अंगाला भोक ठेवून पत्र्याचं धुराडं जोडलं. पहिल्यांदा ते आमच्या स्लॅबच्या बरोबरीचं केलं होतं. पेटवून बघितलं तर धूर खाली वळून बांच्या अंगणात उतरत होता. दुसऱ्या दिवशी वर आणखी चार फूट पाइप चढला. मग बांच्या नातसुनेला खिडकी उघडी ठेवायला सांगितलं आणि ओला पालापाचोळा टाकून मुद्दाम धूर केला. ती बाळाला घेऊन खिडकीत उभी राहिली आणि तिनं हात हलवला. धूर लिंबाच्या शेंड्यावरून गेला.

सगळं सुटलं असं नाही. थंडीच्या सकाळी वारा उलटा फिरतो आणि चुलीच्या तोंडातला धूर दारातून घरात येतो. त्या महिन्यांत चूल पेटत नाही, आईच्या अंघोळीचं पाणी गिझरवर तापतं. रोजचा स्वयंपाक गॅसवरच होतो. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की मोकळ्या हवेत वर्षातले चार-पाच दिवस चालतील, तेही औषधाचा फवारा जवळ ठेवून आणि पेटवायचं काम दुसऱ्यानं करून. पेटवते मी. धूर सगळ्यात जास्त पेटवताना होतो, तेवढा वेळ आई आत थांबते.

अखाजीला सकाळी अकराला खापर चढलं. एक मांडा फाटला, सतरा नीट उतरले. बांकडं पाच गेले, पडावात सहा. यजमानांनी घागरीवर आंबा आणि डांगर ठेवलं. आईनं आहारात निखारे ओढले आणि वडिलांच्या नावानं आगारी टाकली. ती टाकताना फाटकापाशी कोण आलं ते तिला तिथूनच दिसलं. भिंतीपलीकडची साक्रीची बाई होती, रिकामं ताट परत घेऊन आलेली. आईनं तिला आत बोलावलं आणि चुलीजवळचं दुसरं स्टूल पुढं केलं.